झाकणावरचा निळा रंग

आमची गाडी ठरावीक ठिकाणी बंद पडत नव्हती, ठरावीक वेळाने बंद पडत होती. चालू केल्यापासून साधारण पंचवीस मिनिटांनी. घाट असो की सपाट रस्ता, माल भरलेला असो की गाडी रिकामी. एवढी एक गोष्ट मी त्या उन्हाळ्यात घड्याळाकडे बघून कागदावर टिपून ठेवली असती, तर धाडच्या बाजूच्या एका खेड्यात आज एक बाई नवऱ्याशिवाय राहत नसती. मी कागदावर लिहिलं, पण दुसरंच लिहिलं.

गाडी म्हणजे जुना लष्करी ट्रक. मोठा नाही, टनभर माल नेणारा, पेट्रोलवर चालणारा. माझ्या जन्माआधी बाबांनी तो लिलावातून आणला. त्या काळात असे ट्रक घेणारे सगळे आधी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवत. बाबांनी तसं केलं नाही. इंजिन चांगलं असताना काढायचं काय कारण, एवढंच ते म्हणायचे. ट्रकच्या पाठीमागे त्यांनी लाकडी फळ्या ठोकल्या आणि त्यावर पुस्तकं मांडली. मोताळ्याचा बाजार, धाडचा बाजार, विहारांमधले कार्यक्रम, शिबिरं. पुस्तकं विकायची आणि पत्रकं वाटायची. मिरवणुकीला भोंगे बांधायचे. आमचं घर त्या ट्रकवर चाललं आणि मी त्या पत्रकांवर वाढले.

हे अक्षरशः खरं आहे. शाळेत ‘कमळ’ वाचायच्या आधी मी ‘जाहीर’ हा शब्द वाचला. जाहीर सभा, जाहीर निषेध, जाहीर आवाहन. पिवळे, गुलाबी, पोपटी कागद. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. आमच्या वस्तीत पाण्याची लाइन आली ती तीन पत्रकांनंतर, आणि गावातल्या एका शाळेत आमच्या पोरांना वेगळं बसवणं थांबलं ते एका पत्रकानंतर. म्हणून पत्रकाला कुणी रद्दी म्हटलं की मला आजही राग येतो. कागदाने काही होत नाही असं म्हणणाऱ्यांची घरं बहुतेक पक्क्या रस्त्यावर असतात.

बाबांचा एक नियम होता. पत्रकाच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव असलंच पाहिजे. बिननावाचा कागद त्यांनी कधी गाडीत ठेवला नाही. “नाव टाकाले हात थरथरला त समजजो, मजकुरात काई तरी कच्चं आहे,” असं ते म्हणायचे. माझा हात कधी थरथरला नाही. ती मला माझी ताकद वाटायची.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा दम वाढला. दहा पावलं चालले की ते बसून घ्यायचे. दवाखान्यातून आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं होतं. किल्ली देताना फक्त एवढंच सांगितलं, “चोक लवकर बंद करत जा.”

जयंतीच्या आधी आम्ही दर वर्षी गाडी निळी रंगवतो. आधी पाइपने धुवायची, मग ऑइलपेंटचे दोन हात. हे काम बाबा आणि पंपावरचे मामा मिळून करायचे. मामा माझे सख्खे मामा नव्हते. आमच्याच वस्तीत एका खोलीत मामी आणि ते भाड्याने राहायचे. ते एका पेट्रोल पंपावर कामाला होते. पंप कोणता, कोणत्या रस्त्यावरचा, ते मी लिहीत नाही. मिरवणुकीच्या सकाळी गाडीच्या तोंडाशी झेंडा बांधण्याचा मान दर वर्षी त्यांचा. त्या वर्षी बाबा बाजेवर आणि मामांची दिवसपाळी. म्हणून वस्तीतल्या मुलींना घेऊन गाडी मी रंगवली. आम्हाला दाखवून द्यायचं होतं की हेही काम आम्हाला येतं. बोनेट, फाळके, चाकांच्या रिमा, बाजूला लटकणारी पेट्रोलची टाकी, टाकीचं झाकण. एक बोटभर जागा जुनी दिसता कामा नये, असं मी सगळ्यांना बजावलं होतं.

मिरवणूक छान झाली. मिरवणुकीत गाडी माणसाच्या पावलानेच चालते, थांबत थांबत, त्यामुळे काहीच कळलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या मोताळा बाजाराहून परत येताना राजूरच्या घाटात गाडीने पहिल्यांदा दम टाकला. आधी ओढ कमी झाली. मी पाय दाबला तरी वेग वाढेना. मग दोन धक्के, एक फटाका सायलेन्सरमध्ये, आणि बंद. मागून येणारा एक जीपवाला थांबला. आत दहा माणसं कोंबलेली.

“काय झालं व ताई? रणगाडा बसला का?” तो म्हणाला.

“पुढं जा तुम्ही.”

“इथेनॉल हाय थे, दुसरं काई नाई. जुन्या गाड्याईले पचत नाई.” आतून कुणीतरी म्हणालं, “बाईमानसाले गाडी देल्ली, आनखी काय होईन?” जीप हसत निघून गेली.

राग आला की माझे हात जास्त चालतात. बोनेट उघडून मी पेट्रोलची काचेची वाटी काढली. इंजिनाच्या छोट्या पंपाखाली ती असते, पेट्रोल त्यातून गाळून पुढे जातं, कचरा तळाशी बसतो. वाटीच्या तळाला थोडा गंज होता आणि वाटाण्याएवढा पाण्याचा थेंब. पेट्रोलखाली पाणी वेगळं दिसतं, फुगीर, काचेच्या मण्यासारखं. वाटी पुसली, बसवली. हाताने पंप मारला. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

पाणी. मला कारण सापडलं होतं.

नंतरचे पंधरा दिवस मी गाडीवर जे जे केलं, ते सगळं ‘लागू पडलं’. जाळी साफ केली, गाडी चालू. कार्बोरेटरचा जेट काढून तोंडाने फुंकला, चालू. नळीला ओलं फडकं गुंडाळलं, चालू. एकदा नुसती दगडावर बसून शिव्या दिल्या, तरीही चालू. या शेवटच्या गोष्टीवर मी थांबून विचार करायला हवा होता. काहीही न करता जी गाडी दहा-पंधरा मिनिटांत बरी होते, तिला विश्रांतीने बरं होणारा रोग आहे. पाणी विश्रांतीने जात नाही. पण प्रत्येक वेळी हातात पाना होता, म्हणून श्रेय पान्याला गेलं.

बाबा बाजेवरून विचारायचे. त्यांचे प्रश्न मला कंटाळवाणे वाटायचे.

“बंद पडते तवा झटक्यात पडते का मरत मरत?”

“मरत मरत.”

“सकाळच्या थंडाव्यात बी पडते?”

“पडते बाबा.”

“मंग गरमीचं नाई थे.” थोडा दम घेऊन पुढे, “टाकीचं झाकन उघडलं तवा आवाज आला का?”

“नाही आला.”

मी झाकण उघडलंच नव्हतं. घाटात कशाला उघडायचं? पेट्रोल भरताना झाकण मामा उघडायचे. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची सवय, विचारायचं म्हणून विचारतात. ‘पाहिलं नाही’ म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच ‘नाही आला’ म्हणायला लागतो. मी दुसरं म्हटलं. बाबांनी मान हलवली आणि ती शक्यता सोडून दिली. माझ्या शब्दावर त्यांनी ती सोडली.

आणि खरं तर आवाज आला होता. एकदा पंपावर मामांनी झाकण फिरवलं, काढलं आणि ते हसले. “अवं पोरी, तुही गाडी त हवा पिऊन राह्यली! सूंऽऽ करून ओढली पाय. तहान लागली होती वाटते.” मी बिलाचा कागद घडी करून खिशात ठेवत होते. डोक्यात वेगळंच चालू होतं. हसून ‘हो मामा’ म्हटलं आणि निघाले.

डोक्यात पत्रक चालू होतं.

पुरावा पाहिजे म्हणून मी टाकीच्या बुडाचा नट सैल करून बाटलीभर पेट्रोल काढलं. बाटली खिडकीत ठेवली. संध्याकाळपर्यंत तळाला बोटभर पाणी वेगळं झालं. मोबाइलवर फोटो काढला. मग बसून एका बैठकीत मजकूर लिहिला. मथळा ‘पेट्रोलमध्ये पाणी, जाब कोण देणार?’ पंपाचं नाव ठळक. लिहिताना हात कुठेही थरथरला नाही. मालकाची बागायत, मालकाचा बंगला, मालकाचे पुढारी, सगळं आलं. हे सगळं खरं होतं, फक्त त्याचा माझ्या टाकीशी संबंध नव्हता. मधे एक वाक्य होतं. ते मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. ‘पोटासाठी राबणाऱ्या कामगारांच्या हातून ही भेसळ करवून घेतली जाते, हा दुहेरी अन्याय आहे.’

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कुणाला विचारलंही नव्हतं. मामा रोज संध्याकाळी माझ्या दारावरून जात होते, त्यांनाही नाही. अन्याय म्हटला की तो असाच असणार, हे मला ठाऊक होतं.

बाबांना मी छापून आल्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सबंध वाचलं. “पेट्रोल कुठून काढलं?” विचारलं.

“आपल्या टाकीतून.”

“पंपाच्या नळीतून बाटलीत मागून घ्याचं होतं. गिऱ्हाइकाचा हक्क असते थो. तूच त लिहितं ना हक्क हक्क.”

“बाबा, टाकीत दुसरीकडून पाणी येणार कुठून?”

“दोन दिवस थांब. मले गाडीपाशी ने. मंग वाट.”

डॉक्टरांनी उन्हात जायला मना केलं होतं. बाजार दुसऱ्या दिवशी होता. मी थांबले नाही. मोताळ्याच्या बाजारात पाचशे पत्रकं दुपारपर्यंत संपली. लोक मागून घेत होते. जुन्या गाड्यांचा त्रास सगळ्यांनाच होता आणि सगळ्यांना एक कारण हवं होतं. कुणीतरी म्हणालं, “वाघीण आहे बाप्पा दादाची पोरगी.” त्या दिवशी परत येताना गाडी घाटात बंद पडली, तरी मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. पुरावा आणखी एक वाढला.

चौथ्या दिवशी मामांना कामावरून काढलं.

मालकाला फार काही करावं लागलं नाही. त्याने माझंच पत्रक पुढे केलं. यातच लिहिलंय, कामगाराच्या हातून होतं म्हणून. माझ्या पंपावर पाणी पडलं असेल तर ते हाताखालच्या माणसाने टाकलं, त्याला काढलं, विषय संपला. कुणीतरी मामांचा गणवेशातला फोटो मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये टाकला. खाली लिहिलं, ‘पाणीवाला’. आठवड्यात ते नाव वस्तीपर्यंत आलं. आमच्याच वस्तीतली माणसं चहाच्या टपरीवर म्हणू लागली, “काय पानीवाले, आज ड्युटी नाई का?”

मामा आमच्याकडे आले ते भांडायला नाही. बाबांच्या बाजेपाशी खाली बसले. बाबांनी वर बसा म्हटलं तरी खालीच बसले.

“दादा, म्या पानी नाई टाकलं.”

“मले माहीत आहे.”

“टँकर कोरडाच येते पंपावर. सकाळी म्या सोता टाकीचं माप घेतो. पानी असतं त मलेच पहिले दिसलं असतं ना.”

मी दारात उभी होते. म्हणाले, “मामा, आपली लढाई तुमच्याशी नाही. मालकाशी आहे. तुम्हाला परत घ्यायला लावू. त्यासाठी वेगळं पत्रक काढते मी.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

“हो माय. लढाई मालकाशीच आहे तुही,” ते म्हणाले. “पन घरी मी बसलो.”

चहा न घेता गेले.

आता आम्ही त्या पंपावर जाणं बंद केलं होतं. मी बुलढाण्यातल्या दुसऱ्या पंपावरून टाकी भरली. त्याआधी टाकीचं बूड पूर्ण रिकामं करून घेतलं. पाण्याचा थेंब नाही. धाडच्या बाजाराला निघाले. पंचवीस मिनिटांनी, सपाट रस्त्यावर, दोन्ही बाजूला कपाशीसाठी नांगरून ठेवलेल्या रानांमध्ये, गाडी दोन धक्के देऊन उभी राहिली.

मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. उतरले नाही, बोनेट उघडलं नाही. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली. चालू.

ही गोष्ट मी चार दिवस बाबांना सांगितली नाही. पुढचं लिहिण्यापेक्षा हे एक वाक्य लिहिणं मला जड गेलं. मला कळलं होतं. काय बिघडलंय ते कळलं नव्हतं, पण पाणी नाही एवढं कळलं होतं. त्या चार दिवसांत मामा रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन मजुरीला उभे राहत होते. मी त्यांच्या दारावरून जाताना रस्ता बदलत होते.

पाचव्या दिवशी बाबांनी स्वतःच विचारलं, “दुसऱ्या पंपाचं भरलं. आता कशी आहे?”

मी सांगितलं.

त्यांनी हात पुढे केला. मी आणि आईने त्यांना धरून अंगणात आणलं, लिंबाच्या सावलीत गाडीजवळ खुर्ची टाकली. “चालू कर. चालूच ठेव. पाय थोडा दाबून ठेव,” ते म्हणाले. मी आत बसून अर्ध्या तासाच्या आसपास इंजिन चालवत ठेवलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. आवाज पातळ व्हायला लागला तेव्हा त्यांनी डोळे उघडले. गाडी बंद पडली.

“आता उतर. झाकन उघड.”

मी झाकणाला हात घातला. ते घट्ट झालं होतं. दोन्ही हातांनी फिरवलं आणि ते सुटलं तेव्हा टाकीने आत हवा ओढली. सूंऽऽ. लांब, एकदम स्पष्ट. आईसुद्धा दारातून म्हणाली, “काय झालं व?”

बाबांनी झाकण मागून घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. मग नखाने निळा रंग खरवडला. झाकणाच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा त्या छिद्रातून आत येते. छिद्र बुजलं की टाकी आतल्या आत ओढली जाते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी उभी राहिली की कुठूनतरी थोडी थोडी हवा शिरते आणि गाडी पुन्हा चालते. त्या छिद्रावर ऑइलपेंटचे दोन हात बसले होते. माझे.

“दर साली धुवाच्या-रंगवाच्या आंधी इथं गरीसचा ठिपका लावतो आमी,” बाबा म्हणाले. “मंग पुसून घेतो. तुले सांगाचं राहून गेलं. बाटलीतलं थे पानी बी धुताना इथूनच गेलं असन.”

ग्रीसबद्दल ते एवढंच म्हणाले. ‘मी विचारलं होतं तुला’ असं म्हणाले नाहीत. आईच्या पदराची सेफ्टी पिन मागून घेतली आणि छिद्र मोकळं केलं. ओठाला लावून फुंकून पाहिलं. फुंकताना त्यांना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही. मी पाठीवर हात फिरवत होते. खोकला ओसरल्यावर म्हणाले, “कागद आन. दुसरं पत्रक लिही. आत्ता.”

त्या मजकुराला मला तीन दिवस लागले. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं, ‘तांत्रिक कारणामुळे गैरसमज झाला.’ बाबांनी ते वाक्य खोडलं. कोणाचा गैरसमज? दुसऱ्यात लिहिलं, ‘तरीही पंपमालकांची मनमानी नाकारता येत नाही.’ तेही खोडलं. “थे दुसऱ्या पत्रकात. पुरावा भेटल्यावर.” शेवटी सहा ओळी उरल्या. पंपाच्या पेट्रोलमध्ये पाणी नव्हतं. टाकीतलं पाणी आम्ही गाडी धुताना गेलं होतं. आमच्या टाकीच्या झाकणाचं छिद्र मी रंगाने बुजवलं होतं. मी तपासलं नाही. वडिलांनी विचारलं तेव्हा खोटं सांगितलं. कामगाराबद्दलचं वाक्य माझ्या मनातलं होतं, त्यांनी काहीही केलेलं नाही. खाली माझं नाव. नाव लिहिताना या वेळी हात थरथरला. मजकुरात काहीही कच्चं नव्हतं, तरी थरथरला. बाबांचा नियम मला त्या दिवशी अपुरा वाटला.

पहिलं पत्रक पाचशे, म्हणून दुसरंही पाचशे. मोताळ्याच्या बाजारात लोकांनी ते घेतलं, दोन ओळी वाचल्या आणि शेंगदाण्याखाली, मिरच्यांखाली घातलं. संध्याकाळी मी झाडायला वाकले तर अर्धे कागद पायाखाली होते. पहिल्या पत्रकाचा असा एकही कागद खाली पडलेला नव्हता. मालकाने मात्र दुसरं पत्रक पंपाच्या ऑफिसच्या काचेवर आतून चिकटवलं. मी मामांना परत घ्या म्हणून सांगायला गेले तेव्हा त्याने त्याच काचेकडे बोट केलं. “तुम्हीच लिहून दिलं ना ताई, आमचं पेट्रोल चोख आहे म्हणून. आभारी आहे.” आणि मामा? “त्या जागेवर माणूस ठेवला की. त्याला कसं काढू? तोही गरीबच आहे.”

तोवर वस्तीतल्या मामांच्या खोलीला कुलूप लागलं होतं. मामा पुण्याकडे एका कंपनीच्या गेटवर लागले, मामी धाडच्या पलीकडे माहेरी गेली, एवढं शेजारणीने सांगितलं. ते जाताना माझं दुसरं पत्रक छापखान्यातच होतं.

दिवाळीच्या आधी बाबा म्हणाले, “चाल, जाऊन येऊ.” ते माझ्या बाजूच्या सीटवर बसले, मांडीवर औषधाचा पंप. खेड्यात पोचल्यावर मात्र ते उतरले नाहीत. “तू जा. कागद तुहा आहे.”

मामी ओट्यावर सोयाबीन निवडत होती. मला पाहून उठली नाही, पण सूप बाजूला करून जागा केली. मी पत्रक पुढे केलं. तिने पदराला हात पुसून ते घेतलं आणि बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश सहाही ओळी वाचल्या. खालचं नावही वाचलं. मग घडी घातली.

“झाकन उघडून पाहाले किती टाइम लागते व?” तिने विचारलं.

“एक मिनिट.”

“एक मिनिट,” ती म्हणाली आणि सुपाकडे पाहत राहिली. मग फोन काढून तिने मामांना लावला आणि माझ्या हातात दिला. “वाचून दाखव त्याईले. तुह्या तोंडानं.”

मी वाचलं. वारा होता, तिकडे गाड्यांचा आवाज होता, म्हणून मोठ्याने वाचावं लागलं. शेजारच्या ओट्यावरच्या दोघी थांबून ऐकू लागल्या. मी पूर्ण वाचलं. पलीकडे मामा हसले.

“म्या म्हनलं होतं ना तुले, हवा पिऊन राह्यली म्हनून!”

“हो मामा. म्हटलं होतं.”

“चालते का मंग आता गाडी?”

“चालते.”

“मी ड्युटीवर नसतो ना, त गरीस म्याच लावलं असतं. दर साली मीच लावतो. दादा फक्त पुसतात.” जणू चूक त्यांचीच होती.

“परत या मामा. मी सगळ्यांना सांगते, घरोघरी जाऊन सांगते.”

“कुठं येऊ पोरी? इथं मले कोनी काई म्हनत नाई. साहेब म्हनतात, वॉचमन म्हनतात. तिथं आलो का पानीवाला.” मग घाईने म्हणाले, “गाडी आली गेटवर. ठेवतो. दादाले म्हना, थंडीत जपा.”

मी फोन मामीला दिला. तिने पत्रकाची घडी ब्लाउजमध्ये ठेवली, की चुलीजवळ टाकली, ते मी पाहिलं नाही. सूप तिने पुन्हा पुढे ओढलं होतं.

गाडीत येऊन बसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग समोर पाहिलं. मी गाडी चालू केली, चोक बंद केला. धाड मागे पडलं. रस्त्याच्या कडेला सोयाबीनचे ढीग होते, त्यावर ताडपत्र्या. बाबांच्या छातीतून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. इंजिनाच्या वरून तो मला ऐकू येत होता.

पंचवीस मिनिटं झाली तेव्हा माझा पाय सवयीने सैल झाला. गाडीने तिथेच कुठेतरी बंद पडावं, पंधरा मिनिटं दोघांनी बसावं आणि बाबांना सांगावं की मामांनी गरीसची चूकही स्वतःवर घेतली, असं वाटलं. गाडी थांबली नाही. घरापर्यंत एकदाही थांबली नाही.